मऊ लोखंडाची पिन

पहिलं हत्यार एकोणिसाव्या कडीला मेलं.

गोकुळानं दांडी आणखी अर्धा फेरा फिरवली, तसा आतून बारीक आवाज आला आणि हाताखालचा जोर एकदम सुटला. हत्याराची पिन तिरपी झाली होती आणि तिचं टोक चेनीतच अडकून बसलं होतं. मेलेला साप काठीनं उलटा करून पाहावा तसं गोकुळानं ते खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं आणि समोर बसलेल्या दिव्यानीला म्हणाली, "लिही. पहिलं, एकोणीस."

दिव्यानी नववीत होती, शाळेच्या रोबोटिक्स चमूची प्रमुख. तिनं वहीत आकडा लिहिला आणि मान वर केली. "मावशी, तुमी हसून राह्यल्या."

"मी कायले हसू?"

"हसल्या ना आता. मोडलं तवा."

गोकुळा हसली होती हे खरंच होतं. तिनं तोंड फिरवलं आणि दुसरं हत्यार उचललं.

मूल गावातल्या कन्या विद्यालयात गोकुळा प्रयोगशाळेची परिचर होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाकं पुसायची, कुलपं लावायची, हे तिचं नेमून दिलेलं काम. पण तिचा खरा हात बसलेला होता लोखंडावर. तिचा बाप, पोचू मिस्त्री, राइस मिलमध्ये होता. धान वर चढवणाऱ्या बादल्या ज्या चेनीवर फिरत, ती तुटली की अख्खी मिल थांबायची आणि पोचूला हाक जायची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून गोकुळा बापाचा डबा घेऊन जाई आणि तिथंच बसून त्याच्या हातात पाना दे, पकड दे, असं करत राही. चौदाव्या वर्षी ती बापाइतक्याच सफाईनं चेन जोडायची. पोचूचं एक वाक्य तिला पाठ होतं. लोखंडाले विचारावं, दुकानदाराले विचारू नये. विचारायचं म्हणजे कानस फिरवायची. कानस चावली, चकचकीत ओरखडा उठला, की लोखंड मऊ. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली की पोलाद पक्कं.

मुलींचा रोबो म्हणजे पाटाएवढी चारचाकी गाडी, वर टोपली उचलणारा हात. चाकं आणि हात फिरतात ते चेनीवर. ती सायकलच्या चेनीसारखीच, पण निम्म्या मापाची. चालून चालून ती सैल पडते, मग तिच्यातल्या एक-दोन कड्या काढाव्या लागतात. कडी काढायची म्हणजे तिला जोडणारी बारीक पिन दाबून मागं सारायची. त्यासाठी हे मुठीएवढं हत्यार. खाचेत चेन ठेवायची, दांडी फिरवायची, की हत्याराची पिन चेनीच्या पिनेला ढकलते. शाळेच्या कागदावर त्याला चेन ब्रेकर म्हणत, मिलमध्ये चेन कटर. वर्षभराची सगळी मेहनत अखेर आगपेटीच्या काडीहून बारीक अशा त्या एका पिनेवर येऊन टेकते, हे गोकुळाला सांगावं लागत नव्हतं. तिनं ते भोगलं होतं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. चंद्रपूरला जिल्ह्याची स्पर्धा होती. तेव्हा रोबोटिक्सचं सगळं वासेकर सर पाहत. हुशार माणूस, बोलणं गोड, इस्त्रीच्या कपड्याला कधी डाग नाही. हत्यार त्यांनी पुस्तकातलं चित्र पाहून मागवलं होतं. ते आलं त्या दिवशी गोकुळानं त्याच्या पिनेवर कानस फिरवली आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "सर, कानस चावून राह्यली. हे टिकणार नाई."

सर हसले. "गोकुळाबाई, तुम्ही पाण्याचं बघा. हत्यारांचं मी बघतो."

दुसऱ्या फेरीत गाडीची चेन सैल पडली. दुरुस्तीला दहा मिनिटं होती. मुलींचे हात थरथरत होते म्हणून सरांनी हत्यार गोकुळाच्या हातात दिलं. तिनं जपून, मायेनं फिरवलं. पहिली कडी निघाली. दुसरीला पिन तुटली आणि तुकडा चेनीत रुतला. वेळ संपली. चौघी मुली गाडी मेलेल्या वासरासारखी उचलून बाहेर घेऊन आल्या. आणि वासेकर सर परीक्षकांना, बारा शाळांसमोर, हसत हसत म्हणाले, "आमच्या बाईंच्या हातून मोडलं. गिरणीतला हात तो. नाजूक काम कुठून येणार?"

तेवढ्यावर थांबले असते तर गोकुळानं पोटात घातलं असतं. पण सरांनी तसा अहवाल लिहिला. परिचराच्या निष्काळजीपणामुळे शाळेचं नुकसान झालं, असा. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तिला हात जोडून म्हणावं लागलं, माझ्या चुकीनं शाळेचं नाव खाली गेलं. मग प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि तिला पाण्याची टाकी आणि संडास दिले. चार महिने ती तेच करत होती. जूनमध्ये वासेकर सर वरोऱ्याच्या एका मोठ्या शाळेत गेले, तिथल्या रोबोटिक्सचे मार्गदर्शक म्हणून.

गोकुळानं डूख धरला तो तेव्हापासून. भांडणारी बाई नव्हती ती. शिवी तिच्या तोंडात येत नसे. पण झाडू मारताना, फरशी घासताना, एकच चित्र ती डोळ्यांपुढे आणायची. तोच हॉल, तेच परीक्षक, आणि वासेकरच्या हातात मोडलेलं हत्यार.

नव्या मुख्याध्यापिका रंजीता मॅडम आल्या तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारलं, चेनीचं काम कोणाला येतं? दिव्यानीनं गोकुळाचं नाव सांगितलं. मॅडमनी तिला बोलावून किल्ली परत दिली.

"या वर्षी हत्यार तुम्ही निवडा. मला बाकी काही कळत नाही. मोडणारं नको, एवढंच."

"चार मागवा मॅडम. तोडून पाहतो. मंग सांगतो."

त्या चारांत मागच्या वर्षीचं तेच हत्यार तिनं मुद्दाम मागवलं होतं. एकोणिसाव्या कडीला मेलं ते हेच.

दुसरं सायकलच्या दुकानातलं. त्याची खाच मोठी, बारीक चेन तिच्यात डुगडुगायची आणि तिरपी व्हायची. "तोंडापरीस घास लहान," गोकुळा म्हणाली आणि ते बाजूला ठेवलं. तिसऱ्याची पिन बरी होती, पण अंग ओतीव लोखंडाचं. एकेचाळिसाव्या कडीला दांडीचे आटेच झिजले आणि ती नुसती गरगर फिरायला लागली. चौथं नागपूरच्या हत्यारांच्या दुकानातून आलेलं, काळं, बेढब, हातात जड. त्याच्यात एक बारीक स्क्रू होता. तो सैल केला की पिन निघायची आणि दुसरी बसवता यायची.

"हे पाह्य," तिनं दिव्यानीला दाखवलं. "बनवणाऱ्यानं आधीच कबूल केलं का पिन कधी ना कधी मोडन. म्हणून दुसरी देली सोबत. असा माणूस इमानी."

कानस त्या पिनेवरून घसरत गेली, ओरखडासुद्धा उठला नाही. दोन दुपारी दोघींनी मिळून जुन्या चेनीच्या तीनशे कड्या तोडल्या आणि जोडल्या. पिन सरळ ती सरळच. पुढच्या दिवशी गोकुळानं ते एकेका मुलीच्या हातात दिलं. "मले काय, मी कशानंही तोडन. तुमच्या हातानं नीट फिरलं पायजे. घाबरलेल्या हातानं फिरलं पायजे." रंजीता मॅडमना तिनं सांगितलं, हेच घ्या, आणि पिनेचे दोन जोड वर घ्या.

डिसेंबरात चंद्रपूरला सगळ्या शाळांचं एक दिवसाचं शिबिर झालं. वासेकर सर तिथं भेटले.

"अरे, गोकुळाबाई," त्यांनी लांबूनच हाक मारली. अंगात निळा कोट होता. "परत लॅबमध्ये घेतलं का तुम्हाला? बरं झालं." मग आपल्या विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या जुन्या शाळेच्या बाई. मागच्या वर्षी यांनीच आमचं विमान खाली उतरवलं."

मुलं हसली. गोकुळाही हसली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. तेवढ्यात तिला त्यांच्या टेबलावरची लाल दांडी दिसली. तेच हत्यार. सरांनी बदललं नव्हतं. बदललं असतं तर गोकुळा बरोबर होती असं झालं असतं.

 मोडू दे, ती मनात म्हणाली. स्पर्धेच्या दिवशीच मोडू दे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातलीच एक मुलगी गोकुळाला शोधत आली. बारीक अंगाची, दोन वेण्या, कपाळावर घामाने चिकटलेले केस. तिच्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"मावशी, मी पायल. वरोऱ्याची. तुमच्या दिव्यानीनं सांगितलं का तुमी हत्यार पाहून सांगता." तिनं ओढणी उलगडली. लाल दांडीचं हत्यार. "मले हे थोडं वाकडं वाटून राह्यलं. सर म्हणते काही नाई झालं. तुमी पाहाल का?"

गोकुळानं हातात घेतलं. कानस काढायचीही गरज नव्हती. पिनेला केसाएवढा बाक आला होता, टोक चपटं झालं होतं. आणखी पाच-सहा कड्या, फार तर दहा. त्यापलीकडे ते जाणार नव्हतं.

मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती. हॉलच्या दारात वासेकर सर कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते, हसत होते. त्यांचं हसणं भिंतीला आपटून परत येत होतं.

"चांगलं आहे," गोकुळा म्हणाली. "चालते."

"खरंच?"

"हो. चालते म्हटलं ना."

पायलचा चेहरा मोकळा झाला. तिनं हत्यार पुन्हा ओढणीत नीट गुंडाळलं आणि जाता जाता म्हणाली, "मले टेन्शनच आलं होतं मावशी."

घरी आल्यावर गोकुळानं ते कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी सकाळी गोविंदा, तिचा नवरा, अंगणात जाळं पसरून बसला होता. गावच्या तलावात मासे धरणं हाच त्यांच्या घराचा धंदा. गोकुळा फाटलेली बाजू हातात धरून त्याला सुतळी देत होती. न ठरवता ती बोलून गेली. सरांचं हसणं, लाल दांडी, पायल, सगळं.

 जाळं विणता विणताच गोविंदा म्हणाला, "त्या पोरीले खरं काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तिनं सराले सांगितलं असतं. त्यानं दुसरं आणलं असतं. मंग?"

"मंग काय?"

"मंग माह्या पोरी पुन्हा हरतीन."

"मी तुह्या पोरीयचं नाई विचारून राह्यलो."

गोकुळानं सुतळी जोरानं ओढली. "चार महिने मी संडास धुतले. तवा कोणी विचारलं होतं का मले? त्याच्या नाकावर आपटू दे आता. एकदा पाहू दे मले."

"पाह्य ना. मी कुठी नाई म्हणतो." त्यानं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला. "जाळं आपण वाघूर माशासाठी टाकतो. त्यात कोण येते थे आपल्या हातात नाई राहत."

गोकुळा उठून आत गेली. तिला त्याचा राग आला होता. पण त्याच दिवशी ती शाळेत गेली आणि मुलींकडून चेन बदलायचा सराव पुन्हा दहा वेळा करून घेतला. हात असा चालला पाहिजे की डोळे बांधले तरी चुकू नये. वासेकरनं ते बघितलं पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला होता. मूलच्या मुलींची गाडी पहिल्या फेरीत सुरेख चालली, टोपल्या एकामागून एक फळीवर चढल्या. वरोऱ्याची गाडीही चांगली होती. त्यांचं टेबल मूलच्या शेजारचंच. गोकुळा आपल्या मुलींना पाणी देत होती, हत्यारं मांडत होती, आणि तिचा एक कान सारखा शेजारी होता.

दुसऱ्या फेरीनंतर वरोऱ्याच्या गाडीची चेन सैल पडली. परीक्षकांनी वेळ लावली. दहा मिनिटं. पायलनं हत्यार काढलं. गोकुळा हातातलं फडकं खाली ठेवून उभी राहिली. मुलगी दांडी फिरवत होती, जीभ दातात धरून. एक फेरा. दोन. तीन.

तो बारीक आवाज गोकुळाच्या आधी कोणालाच ओळखू आला नाही.

पिन तुटली, दांडी हिसक्यानं फिरली आणि पायलचा अंगठा दातेरी चाकाच्या कडेवर जाऊन आपटला. रक्त आलं. मुलगी ओरडली नाही. तिनं अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं चेन ओढून पाहू लागली. तुकडा आत रुतला होता.

गोकुळाच्या छातीत ते आलं, ज्याची तिनं वर्षभर वाट पाहिली होती. खरोखर आलं. डोळे भरून तिनं वासेकरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. निळ्या कोटाची बाही त्यानं वर सारली, खाली सारली. हा क्षण इथंच थांबावा, असं तिला वाटलं.

मग वासेकर सर बोलले.

"तुला धरता येत नाही का? किती वेळा सांगितलं, सरळ धर!" आणि परीक्षकांकडे वळून, तेच हसू ओढून आणून, "मुलीच्या हातून मोडलं, सर. पोरसवदा हात. नाजूक काम यांना जमत नाही."

पायलनं अंगठा तोंडातून काढला आणि हात पाठीमागे लपवला.

गोकुळा कधी निघाली ते तिलाच कळलं नाही. तिच्या हातात कानस होती. दोन टेबलांमधली दोरी ओलांडून ती परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, एक मिनिट. पोरीचा हात नाई चुकला. लोखंड चुकलं."

परीक्षक एका इंजिनीअरिंग कॉलेजातले वयस्क गृहस्थ होते. "आपण कोण?"

"मी मूलची. परिचर आहो शाळेत." तिनं टेबलावर उडालेला पिनेचा दुसरा तुकडा उचलला, टेबलाच्या कडेला लावलेल्या व्हाइसच्या जबड्यात कसला आणि कानस त्यांच्या हातात दिली. "मी नाई, तुमीच फिरवा."

त्यांनी फिरवली. कानस करकरत चावली. लोखंडाचा भुसा त्यांच्या बोटांवर पडला. त्यांनी भुवया वर केल्या. गोकुळानं आपल्या टेबलावरून काळं हत्यार मागितलं, स्क्रू सैल करून पिन काढली आणि तीही व्हाइसमध्ये लावली. "आता हिच्यावर."

कानस घसरली. पुन्हा फिरवली, पुन्हा घसरली.

"मागच्या वर्षी आमच्याकडे हेच लाल हत्यार होतं," गोकुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिनं हे वाक्य टाकी घासताना इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप येत गेलं. "इथंच मोडलं. मी आधीच सरायले सांगितलं होतं, पिन मऊ आहे. त्यायनं सगळ्या शाळांसमोर माह्या हाताले नाव ठेवलं. तसंच कागदावर लिहून देलं. आज पोरीच्या हाताले ठेवून राह्यले."

 परीक्षकांनी वासेकर सरांकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं होतं यांनी?"

"सर, अशा बारीकसारीक गोष्टी शिपाई लोक..."

"सांगितलं होतं," मागून दिव्यानी म्हणाली. "मी होती तिथी. सर म्हणाले, तुमी पाण्याचं पाहा."

वासेकर सरांनी खाली पाहिलं. कपाळावर घाम आला होता, तो पुसायला त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. गोकुळानं ते सगळं पाहिलं, एकेक गोष्ट, घाई न करता, भुकेल्या माणसानं पानावरचं शेवटचं शीतही टिपावं तसं.

तेव्हा पायल तिच्यासमोर आली.

"मावशी, मी तुमाले दाखवलं होतं ना हे? शिबिरात?"

गोकुळा वळली.

"तवा तुमाले मालूम होतं का, हे मोडणार म्हणून?"

वासेकर सरांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा धुगधुगी आली. नाही म्हणणं सोपं होतं. तेव्हा नीट दिसलं नव्हतं, उजेड कमी होता, असं काहीही. कोणी खोटं ठरवू शकलं नसतं. गोकुळानं मुलीच्या अंगठ्याकडे पाहिलं. ओढणीचं टोक तिनं त्याला गुंडाळलं होतं, ते लाल होत चाललं होतं.

"हो," गोकुळा म्हणाली. "मालूम होतं."

"आणि सांगितलं नाई."

"नाई सांगितलं."

"बघा," वासेकर सर हळूच म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मधला वेळ मी धरत नाही. चार मिनिटं आहेत तुमच्याकडे. काही करायचं असेल तर करा."

गोकुळानं पिन परत बसवली आणि चेनीकडे हात केला. "दे, मी करून देतो."

"नको." पायलनं तिच्या हातातून हत्यार घेतलं. "मी करते."

"पिन पुरी बाहेर नको काढू. थोडी आत राहू दे, नाईतर परत बसवता येणार नाई."

पायलनं तसंच केलं. आधी तिनं रुतलेला तुकडा ढकलून काढला. मग एक कडी काढली, टोकं जुळवली, उलटीकडून पिन दाबली. दांडीवर रक्ताचे ठसे उमटत होते.  वेळ संपायला अर्धं मिनिट असताना चेन बसली आणि तिच्या सोबतच्या मुलांनी गाडी उचलली.

मग पायलनं ओढणीच्या कोरड्या भागानं हत्यार पुसलं, दांडी, खाच, सगळं. गोकुळानं हात पुढे केला. पायल तिच्या बाजूनं निघून मूलच्या टेबलाशी गेली आणि ते दिव्यानीच्या हातात ठेवलं. "थँक्यू," ती दिव्यानीला म्हणाली.

त्या दिवशी मूलच्या मुली पहिल्या आल्या. वरोऱ्याची गाडी तिसऱ्या फेरीपर्यंत गेली आणि तिथं गुणांवर मागं पडली. परीक्षकांनी आपल्या शेऱ्यात हत्याराबद्दल आणि मार्गदर्शकाबद्दल जे लिहायचं ते लिहिलं, रंजीता मॅडमनी त्याची प्रत मागून घेतली आणि गोकुळाला म्हणाल्या, "मागच्या वर्षीचा तो अहवाल मी फाइलमधून काढायला लावते. तुम्ही आज शाळेची अब्रू राखलीत." वासेकर सर जिन्याच्या पायरीवर एकटेच बसले होते, कोट मांडीवर घेऊन. त्यांच्या शेजारून जाताना ते काहीतरी बोलतील म्हणून गोकुळा जरा थबकली. ते बुटाची नाडी बांधत राहिले. बराच वेळ बांधत राहिले.

परतीच्या एसटीत मागच्या बाकावर गाडीची पेटी ठेवली होती आणि मुली तिच्याभोवती बसून गाणी म्हणत होत्या. दिव्यानी पुढे आली आणि गोकुळाशेजारी बसली. बाहेर सागाचं जंगल लागलं होतं, पानगळ झालेलं, उन्हात भुरकट. मुलगी जिंकलेल्या ढालीवरचं नाव बोटानं गिरवत होती.

"मावशी, त्या पोरीले तुमच्याकडे मीच पाठवलं होतं."

"मालूम आहे."

"मी तिले म्हटलं होतं, आमच्या मावशी खोटं सांगत नाई."

गोकुळानं तिच्याकडे पाहिलं नाही. दिव्यानी ढाल उचलून मागं मुलींमध्ये गेली. गाणं पुन्हा सुरू झालं, पण तिचा आवाज त्यात लागत नव्हता.

चिचपल्लीला एक म्हातारी चढली, डोक्यावर झाडूचा गठ्ठा घेऊन. गोकुळा उठली. "बस वो आजी," म्हणत तिनं तिचा गठ्ठा खाली घेतला, तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः वरच्या दांडीला धरून उभी राहिली. पुढच्या दोन थांब्यांवर माणसं उतरली, शेजारची जागा झाली, समोरची झाली. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, बाई, बसा ना, जागा आहे. गोकुळा मूल येईपर्यंत उभीच होती.